वाढपी आणि वेटर

मराठीत 'वाढणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. मूल वाढते, आणि आई पानात भात वाढते. जो पंगतीत वाढतो तो वाढपी. इंग्रजीतल्या 'वेटर' या शब्दात मात्र अन्नाचा पत्ता नाही. तो नुसता हजर राहणारा, वाट पाहणारा. आणि आमच्या बेळगावात, खरे तर साऱ्या कर्नाटकात, तिसराच शब्द रूढ आहे : सप्लायर. सिमेंटचा असतो तसा इडलीचा. हॉटेलात आपल्या टेबलाशी येऊन उभ्या राहणाऱ्या एकाच माणसाकडून आपण तिघांची अपेक्षा करतो. वाढप्याची माया, वेटरची तत्परता आणि सप्लायरचा दर. तिन्ही एकत्र मिळाली नाहीत की आवाज चढतो.

मंडळाने मला 'आहार आणि आरोग्य' असा विषय सुचवला होता. मी बीएचएमएस झालेला, साठी ओलांडलेला डॉक्टर. त्यामुळे सुचवणे साहजिक होते. पण काय खावे हे सांगणारे हल्ली घरोघरी आहेत. कसे मागावे हे कोणी सांगत नाही. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

आधी पंगतीकडे पाहू, कारण आपल्या अपेक्षा तिथे घडल्या. पंगतीत मेनू नसतो. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजव्या बाजूला भाज्या; मधे भाताची मूद, वर वरण आणि तूप. सर्वांची पाने वाढून होईपर्यंत घास उचलायचा नाही, आणि शेवटच्या म्हाताऱ्याचा ताकभात संपेपर्यंत उठायचे नाही. 'नको' या शब्दाला तिथे पायऱ्या आहेत. पहिल्यांदा म्हटलेल्या 'नको'चा अर्थ 'वाढा थोडे', दुसऱ्यांदा म्हटलेल्याचा 'अर्धीच वाढा', आणि तिसऱ्यांदा, तेही पानावर आडवा हात धरून म्हटले, तरच खरे 'नको'. मागणे तर त्याहून अवघड. पाहुण्याला मीठ मागावे लागले तर ते यजमानाचे उणे. वाढप्याने पान पाहून ओळखायचे असते. चांगला वाढपी खरेच ओळखतो. कोणाला जिलबी हवी आहे आणि कोण लाजतो आहे, हे त्याला चालता चालता कळते.

हॉटेलात आपण हेच सारे घेऊन जातो. पाणी संपले तर त्याला दिसायला हवे. भात कमी पडला तर त्याने विचारायला हवे. आपण बोलणार नाही. तो ओळखणार नाही. आणि दहा मिनिटांनी आपण म्हणणार, इथे लक्षच देत नाहीत. पंगत ओळखण्यावर चालते आणि हॉटेल सांगण्यावर चालते, एवढा साधा फरक आहे. त्याची कारणे मात्र दूरवर जातात.

'रेस्टॉरंट' हा शब्द मूळचा औषधी आहे हे ऐकून आपल्याला गंमत वाटेल. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ शक्ती भरून आणणारा रस्सा. मांस बराच वेळ शिजवून केलेला, म्हणजे आम्हा जैनांच्या कामाचा नव्हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये अशक्त प्रकृतीच्या लोकांसाठी हा रस्सा विकणारी दुकाने निघाली आणि पुढे दुकानांनाच ते नाव पडले. त्याआधी तिथल्या खाणावळीत एकच मोठे मेज असे. ठरलेल्या वेळी जायचे, जे शिजले असेल ते सर्वांबरोबर खायचे, ठरलेले पैसे द्यायचे. नव्या दुकानांत प्रत्येकाला वेगळे टेबल मिळाले, आपल्या सोयीची वेळ मिळाली आणि पदार्थ-दरांची यादी मिळाली. आजारी माणसाला सर्वांबरोबर सर्वांचे जेवता येत नाही, ही त्यामागची मूळ सोय. म्हणजे 'मला हे चालते, ते चालत नाही' असे सांगण्याचा अधिकार रेस्टॉरंटच्या जन्मातच आहे. (आमचे हानेमान १८३५ पासून १८४३ साली निधन होईपर्यंत त्याच पॅरिसमध्ये राहत होते. त्यांनी १८०३ मध्ये कॉफीच्या दुष्परिणामांवर पुस्तिका लिहिली होती, तेव्हा तिथल्या कॅफेवाल्यांना ते फारसे प्रिय असतील असे वाटत नाही.)

आपल्याकडे त्या मोठ्या मेजाची जागा खानावळीने घेतली. मुंबईच्या गिरणगावात महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या बायका होत्या. त्यांनाच संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खानावळीत पैसे देऊनही माणूस निम्मा घरचाच. बाईला माहीत असते की या पोराला वांगे चालत नाही. मग आली उडुपी हॉटेले. माटुंग्याचे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे, बंगळूरचे मय्या बंधूंचे, आज एमटीआर म्हणून ओळखले जाणारे हॉटेल १९२४ चे. मय्यांपैकी यज्ञनारायण १९५१ मध्ये युरोपात जाऊन तिथली स्वच्छता पाहून आले आणि परतल्यावर त्यांनी आपल्या हॉटेलात ती आणली. पुढे तर त्यांच्याकडे गिऱ्हाईक स्वयंपाकघरातून आत येई. हे मुद्दाम सांगतो, कारण स्वयंपाकघराविषयी विचारणे म्हणजे मालकाचा अपमान, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. तो अपमान नव्हे.

पण हॉटेलाने केलेली सर्वांत मोठी गोष्ट चवीची नाही. पंगतीत पंक्तिभेद होता, आणि पंगतीच्या बाहेर तर कितीतरी माणसे होती. कोल्हापूरची गंगाराम कांबळे यांची हकीकत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. राजवाड्यातल्या या अस्पृश्य नोकराला पाण्याला शिवला म्हणून मार बसला. शाहू महाराजांनी त्याला स्वतःच्या पायावर उभे राहायला सांगून चहाचे हॉटेल काढून दिले. नाव 'सत्यसुधारक'. पण गिऱ्हाईक येईना. मग महाराज आपली गाडी त्या दारात थांबवून गंगारामच्या हातचा चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. राजाने चहा प्यायला म्हणून इतरांना तो प्यावा लागला. राज्यघटनेने पुढे ही गोष्ट राजाच्या मर्जीवर ठेवली नाही. अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला अडवता येणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे, आणि १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेवरून असे अडवणे शिक्षापात्र केले. तरीही वेगळ्या कपबश्यांच्या बातम्या आपण त्यानंतर अनेक वर्षे वाचत होतो.

म्हणून हॉटेलातले टेबल हे कोणाचे आमंत्रण नाही. तिथे आपण पाहुणे नसतो, हक्काने बसतो. आणि तोच न्याय उलटाही लागतो. आपण पाहुणे नाही, तसा समोरचा आपल्या घरचा गडी नाही. गेल्या पिढीत त्याला 'ए पोऱ्या', 'ए बारक्या' अशी हाक असे, कारण तो खरोखरच दहा-बारा वर्षांचा असे. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात आणि धाब्यावर कामाला ठेवण्यास बंदी आली. पोऱ्या गेला, पण हाक अजून काहींच्या तोंडातून जात नाही. चाळिशीच्या, पिकू लागलेल्या मिशांच्या माणसाला चुटकी वाजवून बोलावणारे सुशिक्षित लोक मी पाहतो. कर्नाटकात 'अण्णा' ही हाक सगळीकडे चालते. मराठीत 'दादा', 'भाऊ' आहेच. हाक न मारता हात जरासा वर केला तरी पुरते. 'शुक् शुक्' मांजरासाठी ठेवावे.

इथे आपल्या सीमाभागातली एक नाजूक गोष्ट. सप्लायरने कन्नडमध्ये उत्तर दिले म्हणून चिडलेली मराठी मंडळी मी पाहिली आहेत, आणि मराठीत विचारले म्हणून तोंड वळवणारेही पाहिले आहेत. पूर्वी हा माणूस बहुधा कुंदापूर-उडुपीकडचा असे, घरी कन्नड किंवा तुळू बोलणारा. आता बऱ्याचदा तो ओडिशाचा, आसामचा किंवा नेपाळचा असतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेशी त्याचा काहीही संबंध नाही. तो वाद लढायला दुसऱ्या जागा आहेत.

आता स्वयंपाकघरात चलू, कारण खरी गफलत तिथे होते. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरची पंधरा माणसे गावातल्या एका मोठ्या हॉटेलात जेवायला गेली. चातुर्मास होता. माझ्या थोरल्या अक्कांचा कांदा-लसणाचा नेम. भाच्याने विचारले, "जैन मिळेल ना?" वेटर म्हणाला, "होईल, सर." पनीरची भाजी आली, अक्कांनी वास घेतला आणि वाटी बाजूला सरकवली. भाचा उठून ओरडला. मॅनेजर धावत आला, त्याने बिलातून ती भाजी वजा केली आणि आमच्यादेखत त्या मुलाला सांगितले की तुझ्या पगारातून कापतो. अक्कांनी दहीभात मागितला आणि खाली मान घालून जेवल्या. त्यांना नेम मोडता मोडता वाचल्याचे काही वाटत नव्हते. आपल्यापायी एका पोराचा पगार कापला, हे त्यांना गिळत नव्हते. त्यांनी मॅनेजरला पुन्हा बोलावून त्या भाजीचे पैसे बिलात घालायला लावले आणि मगच त्या उठल्या.

त्या मुलाने खोटे का सांगितले? त्याने खोटे सांगितले नव्हते. मोठ्या हॉटेलात ऑर्डर घेणारा कॅप्टन, आणून देणारा वेटर आणि टेबल पुसणारा क्लीनर अशी तीन वेगळी माणसे असतात. त्या दिवशी गर्दी होती आणि ऑर्डर घ्यायला नवा वेटर आला. त्याला 'नाही' म्हणायची मुभा नसते. गिऱ्हाईक उठून गेले तर बोल त्याला लागतो. त्याने चिठ्ठीवर 'जैन' लिहिले. आत आचाऱ्याने वरून घालायचा कांदा घातला नाही, एवढेच त्याच्या हातात होते. पंजाबी म्हणून जे आपण खातो त्याच्या ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यांत तयार होतात. कांदा-टोमॅटोची तांबडी, काजू आणि उकडलेल्या कांद्याची पांढरी. संध्याकाळी ऑर्डर आली की त्यातल्या एकीत पनीर, मटार, कोफ्ता घालून पाच मिनिटांत भाजी तयार. ज्या पातेल्यात सकाळी कांदा वाटून गेला, त्यातून रात्री तो काढणार कसा?

म्हणून 'जैन मिळेल का' हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला उत्तर एकच : होईल. 'कांदा-लसणाशिवायची ग्रेव्ही वेगळी केली आहे का, की त्याच ग्रेव्हीत करता?' असे विचारावे, आणि शक्यतो कॅप्टनला विचारावे. वेगळी नसेल तर जिरा राईस, साधे वरण, परतलेल्या भाज्या असे जे तव्यावर ताजे होते ते मागावे. तळणाचे विचारायचे राहून जाते. कांदाभजी आणि बाकीची भजी बहुधा एकाच कढईत तळतात. तंदूरही बहुतेक ठिकाणी एकच असतो. उडुपीचे पारंपरिक सोवळ्याचे जेवण कांदा-लसणाशिवायचे असते, म्हणून आपले वडीलधारे डोळे मिटून तिथे जात. पण आज उडुपी पाटीच्या हॉटेलातही सांबारात कांदा सर्रास असतो. शिवाय 'जैन' म्हणजे नेमके काय, हेही सांगावे. आमच्या दक्षिणेकडच्या जैनांत घराघरांत नेम निराळे आहेत. कोणी बटाटा खातो, कोणी आलेही खात नाही. हे आचाऱ्याला कुठल्या शाळेत शिकवलेले नसते. माझ्या रुग्णांपैकी ज्यांना शेंगदाण्याची अॅलर्जी आहे त्यांनाही मी हीच रीत सांगतो. त्यांच्या बाबतीत नेम मोडत नाही, श्वास अडकतो.

बाकी अपेक्षांचे घोटाळे लहान आहेत, पण रोजचे आहेत. उडुपी हॉटेलात शेवटचा घोट पोटात जायच्या आत बिल समोर येते. तो उद्धटपणा नव्हे, मागे लोक उभे असतात. युरोपात मागितल्याशिवाय बिल आणणे हाच उद्धटपणा, म्हणून आपली मंडळी तिथे तासभर ताटकळतात आणि सेवा वाईट म्हणून येतात. काटा-चमचा ताटात शेजारी-शेजारी ठेवला की जेवण झाले, फाकवून ठेवला की चालू आहे, ही पाश्चात्त्य खूण मोठ्या हॉटेलातल्या वेटरला शिकवलेली असते; आपण सहज चमचे जोडून ठेवतो आणि तो अर्धे ताट उचलून नेतो. कॉफी 'बाय टू' मागितली तर कर्नाटकात कोणाची भुवई उठत नाही. १९८० च्या दशकात बंगळुरात निघालेल्या दर्शिनीत तर वेटरच नाही : आधी पैसे, मग चिठ्ठी, उभ्याने खाणे आणि बशी आपली आपण नेऊन ठेवणे. तिथे टेबलापाशी कोणी येईल म्हणून वाट पाहणारे आजोबा मी पाहिले आहेत. त्यांचे काही चुकत नव्हते. त्यांना हॉटेल म्हणजे खुर्ची एवढे ठाऊक होते.

उरलेले अन्न बांधून नेण्याची लाज आता गेली, हे चांगलेच झाले. काही जैन घरांत जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणी पिण्याची रीत आहे, कण वाया जाऊ नये आणि उष्ट्यात जीव पडू नयेत म्हणून. हॉटेलात ते शक्य नाही, पण चार माणसांत पाच भाज्या न मागवणे शक्य आहे.

पैशाचे दोन शब्द. बिलावरचा जीएसटी हा सरकारचा कर. साध्या उपाहारगृहांत तो ५ टक्के असतो. 'सर्व्हिस चार्ज' हा कर नव्हे. ती हॉटेलने लावलेली रक्कम. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी असे शुल्क आपोआप लावू नये असे मार्गदर्शक नियम काढले. हॉटेलचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते नियम उचलून धरले. तेव्हा ते काढून टाका म्हणून सांगायला संकोच नको. ऐकले नाही तर १९१५ या क्रमांकावर ग्राहक हेल्पलाइन आहे. मात्र हे मॅनेजरला सांगायचे. ते लावणे वेटरच्या हातात नसते, आणि त्यातले त्याच्या हाती किती पडते हे त्यालाच विचारा. मी सर्व्हिस चार्ज काढायला लावतो आणि टिप रोख, त्याच्या हातात देतो. मुलांकडे अमेरिकेत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथे टिप ही खुशाली नाही. टिप घेणाऱ्या नोकराला मालकाने द्यायचे किमान रोख वेतन तिथल्या संघराज्याच्या कायद्यात १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवर थांबले आहे. काही राज्यांत ते जास्त आहे. टिप ठेवली नाही तर आपण त्याची मजुरीच ठेवून घेतो. जपानात मात्र टिप देऊ केली तर गोंधळ होतो.

माझ्या दवाखान्यात हॉटेलातली माणसे येतात ती ठरावीक तक्रारी घेऊन : पोटऱ्यांच्या फुगलेल्या शिरा, टाचदुखी, ओल्या फरशीमुळे बोटांच्या बेचक्यात चिखल्या, आणि आम्लपित्त. सगळ्या गावाला जेवू घालणारा हा माणूस स्वतः साडेतीन-चारला जेवतो आणि रात्री बारानंतर. गोळ्या मी देतो, पण पथ्य काय सांगणार? 'वेळेवर जेवा' असे त्यांना सांगताना माझेच शब्द मला पोकळ वाटतात.

याच वेळेशी आमच्या नेमाचीही गाठ पडते. आम्हाला सूर्यास्तापूर्वी जेवायचे असते. डिसेंबरात बेळगावात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि हॉटेलचे स्वयंपाकघर दुपारी तीनला बंद होऊन सातला उघडते. साडेपाचला जाऊन बसणारे आणि 'किचन बंद आहे' ऐकून रागावणारे आमचे कितीतरी नातेवाईक आहेत. मधली ती तीन-चार तासांची फट म्हणजे आतल्या लोकांची जेवायची आणि पाठ टेकायची वेळ. तेव्हा आदल्या दिवशी फोन करावा, माणसे किती ते सांगावे, आणि नाही म्हणाले तर नाही समजावे. बरेच जण हो म्हणतात. एक आचारी त्या दिवशी लवकर जेवून घेतो, एवढेच त्यांना जमवावे लागते. आम्ही गेलो की तोच बाहेर येऊन विचारतो, बटाटा चालतो का तुम्हाला?